उद्यमबागेत वर्कशॉप, गणपत गल्लीत दुकान, गडहिंग्लजला डेपो: कामगारांना कायद्याने नेमकी किती रजा द्यायची?

उद्यमबाग_टर्निंग विचारतात:

नमस्कार मंडळी. रजेचा हिशोब एकदाचा नीट बसवायचा आहे, म्हणून सगळी माहिती एकदम मांडतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात मशीन शॉप, २३ माणसं, त्यात ६ रोजंदारीवर. बेळगावातच गणपत गल्लीत हार्डवेअरचं दुकान, ९ माणसं. महाराष्ट्रात गडहिंग्लजला डेपो, ४ माणसं. मालकी एकच. वर्कशॉपमधले काहीजण महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून रोज येऊन-जाऊन करतात. आजवर सगळ्यांना सरसकट वर्षाला १२ रजा आणि सणांच्या सुट्ट्या असं चालत आलंय.

आता अडलेल्या गोष्टी अशा. तिन्ही ठिकाणी एकच नियम चालतो का? रोजंदारीवाल्यांना रजा लागते का? एका जुन्या फिटरच्या खात्यावर ५२ दिवस शिल्लक दिसतात, तो पैसे मागतोय, द्यायचे किती? वर्कशॉपच्या ऑफिसात दोघी बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत, एकीचा पगार २४,००० आणि दुसरीचा १७,०००. दोघींना पगार मीच द्यायचा का? आणि १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, काम चालू ठेवलं तर काय द्यावं लागतं?

कलमांचे आकडे नसले तरी चालेल, हिशोब कसा करायचा ते सांगा.

---

हजेरीपट_बेळगाव:

तिन्ही ठिकाणी एकच नियम चालत नाही. माणूस राहतो कुठे याला रजेच्या कायद्यात अर्थ नाही, तो काम कुठे करतो हे बघायचं. चंदगडहून येणारा कामगार उद्यमबागेत पंच करतो, म्हणजे त्याची रजा कर्नाटकातल्या आस्थापनेप्रमाणे. गडहिंग्लजच्या डेपोतला माणूस बेळगावचा असला तरी त्याला महाराष्ट्राचा कायदा.

वर्कशॉपपासून सुरू करू. २३ माणसं आणि वीज, म्हणजे तो कारखानाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यात, आणि कारखान्याची वार्षिक पगारी रजा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० मधून येते. दर जुनाच: प्रत्यक्ष काम केलेल्या २० दिवसांमागे १ दिवस. बदल आहे तो पात्रतेत. १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० भरले की हक्क लागू. तुमच्या हिशोबाच्या शीटमध्ये अजून २४० चा फॉर्म्युला असेल तर तो आजच बदला. त्या फॉर्म्युल्यामुळे १९० किंवा २१० दिवस भरलेला माणूस रजेतून साफ गळतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

वर्षाच्या मध्ये लागलेल्यांसाठी वेगळा हिशोब आहे. उरलेल्या वर्षातले एकूण दिवस मोजायचे, त्याच्या एक चतुर्थांश दिवस काम झालं की रजा लागू. १ जुलैला लागला तर उरले १८४ दिवस, चौथा हिस्सा ४६. जुन्या कायद्यात हीच अट दोन तृतीयांशाची होती, म्हणजे १२३ दिवस. फरक केवढा मोठा आहे ते बघा.

रोजंदारीवाल्यांना रजा लागते, होय. पगार रोजावर आहे की महिन्यावर, याने रजेचा हक्क बदलत नाही. दिवस भरले की रजा लागू.

तुमच्या सरसकट १२ चा घोळ असा आहे: आजारपणाची १२ दिवसांची रजा ही कर्नाटकच्या दुकान कायद्यातली. कारखान्यात कायद्याने वेगळी आजारी रजा नाही, तिथे आजारपण ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बघतं. म्हणजे वर्कशॉपमध्ये जे १२ देताय ते वार्षिक रजेपोटी धरले तर २८० दिवस भरणाऱ्याला १४ लागतात, तुम्ही दोन दिवस कमी देताय. आणि दुकानात १२ देऊन थांबलात तर तिथे वार्षिक रजा अख्खीच राहून गेली.

दुकानाला कर्नाटक दुकाने आणि वाणिज्य आस्थापना कायदा १९६१. इथे माणसांच्या संख्येची अट नाही, एक नोकर असला तरी लागू. २० दिवसांमागे १ दिवस वार्षिक रजा, शिवाय आजारपण, अपघात किंवा दुसऱ्या वाजवी कारणासाठी वर्षाला १२ पगारी दिवस, शिवाय आठवड्याची सुट्टी, शिवाय सणाच्या सुट्ट्या. हे चारही वेगवेगळे. एकात दुसरं मुरवायचं नाही. दुकानातली वार्षिक रजा ४५ दिवसांपर्यंत पुढे नेता येते. आधी ३० होती, दुरुस्तीने वाढली.

दुकानात नऊ आहेत ते लक्षात ठेवा. दहावा माणूस घेतला की नवी संहिता त्या दुकानालाही आस्थापना म्हणून बघते, आणि बाळंतपणाच्या लाभाचा कायदाही तिथे लागू होतो. त्या वेळी दोन्हीकडचं जे कामगाराला फायद्याचं ते द्यायचं हा सरळ मार्ग.

गडहिंग्लजला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने कायदा. चार माणसांवर त्यातल्या रजेच्या तरतुदी सक्तीच्या नाहीत, तेवढ्या लहान आस्थापनेला फक्त ऑनलाइन माहिती कळवावी लागते. तरीही त्या चौघांना रजा द्या, आणि महाराष्ट्राच्याच मापाने द्या: वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा, ती तिमाहीला दोन-दोन अशी जमा होते आणि वर्षअखेरीस न वापरलेली बाद, २४० दिवस भरल्यावर २० ला १ प्रमाणे हक्काची रजा, साठा ४५ पर्यंत, आणि सणांच्या पगारी सुट्ट्या ८. उद्या माणसं वाढली तर नव्याने काही बसवावं लागणार नाही. बेळगावचा माणूस डेपोवर कायमचा पाठवलात तर त्याची त्या तारखेची शिल्लक लेखी कळवा आणि डेपोच्या रजिस्टरात पहिल्या ओळीला तीच ओढा. ही ओळ नसली की पुढे दोन्ही ठिकाणचे लोक हात वर करतात.

---

लेखनिक_शहापूर:

वरचं सगळं बरोबर. मी मोजणीबद्दल लिहिते, कारण कायदा माहीत असून मोजणीत चुकणारेच जास्त.

पहिली गोष्ट रविवारची. रजेच्या मध्ये, आधी किंवा नंतर येणारी सुट्टी रजेत मोजायची नाही. कामगार गुरुवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत रजेवर असेल तर कॅलेंडरवर सहा दिवस दिसतात, पण खात्यातून पाचच वजा करायचे, मधला रविवार त्याचाच. मध्ये दसरा आला तर चारच. "रजेला लागून आलेली सुट्टी रजेतच" असा नियम कित्येक कंपन्यांच्या सूचना फलकावर असतो. वार्षिक पगारी रजेला तो चालत नाही.

दुसरी गोष्ट, कोणते दिवस धरायचे. ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवलेले) दिवस, बाळंतपणाची रजा आणि घेतलेली वार्षिक रजा हे १८० भरले का ते बघताना मोजायचे, पण त्या दिवसांवर नवी रजा कमावली जात नाही. समजा १६५ दिवस प्रत्यक्ष काम आणि १८ दिवस वार्षिक रजा. पात्रतेसाठी १८३ झाले, म्हणजे बसला. रजा मात्र १६५ भागिले २०, म्हणजे ८.२५, म्हणजे ८ दिवस. अपूर्णांक अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण दिवस धरायचा, कमी असेल तर सोडायचा, ही कारखान्यातली जुनी रीत आहे, तीच ठेवा. २६४ ला १३, २७१ ला १४.

रजा-पुस्तिकेत एका माणसाची ओळ अशी दिसली पाहिजे:

आरंभी शिल्लक ११ / मागच्या वर्षीचे कामाचे दिवस २६४ / त्यावर जमा १३ / एकूण २४ / घेतली ९ / नाकारली ३ (अर्जाची तारीख व कारण) / अखेर शिल्लक १५.

यातला "नाकारली" हा रकाना बहुतेक रजिस्टरांत कोराच असतो. आणि तुमच्या फिटरच्या ५२ दिवसांचं उत्तर नेमकं त्या रकान्यात आहे. कारखान्यात साठा पुढे न्यायची मर्यादा ३० दिवस. नव्या संहितेप्रमाणे ३० च्या वरची रजा कामगाराला रोखीत घेता येते, म्हणजे सरळ हिशोबात २२ दिवसांचे पैसे त्याला द्यायचे आणि ३० पुढे ओढायचे. वर्षअखेरीस तो मागेल तर आतल्या दिवसांचंही रोखीकरण मागू शकतो. पण त्या ५२ पैकी काही दिवस त्याने अर्ज करून मागितले होते आणि काम जास्त म्हणून तुम्ही नाकारले होते, तर तेवढ्या दिवसांना ३० ची मर्यादाच लागत नाही, ते कितीही साठले तरी पुढे जातात. म्हणून आधी जुने अर्ज काढा. "३० च्या वरची बाद झाली" असं तोंडी सांगून त्याच्या तोंडाला पानं पुसू नका, तो दावा टिकणार नाही.

दर काढताना ३० ने भागू नका. रजेवर जाण्याआधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी कमाई धरायची, महागाई भत्ता धरून, ओव्हरटाइम आणि बोनस सोडून. २६ दिवस भरले असतील तर २६ ने भागायचं. ३० ने भागलं की प्रत्येक दिवसामागे कामगाराचे पैसे कमी पडतात.

आणि मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगवले असतील तर वेतन संहितेची नवी व्याख्या बघून घ्या. एकूण १८,००० मध्ये मूळ आणि महागाई मिळून ६,००० आणि बाकी भत्ते १२,००० असतील, तर भत्ते निम्म्यावर, म्हणजे ९,००० वर थांबतात. वरचे ३,००० वेतनात परत येतात आणि वेतन ९,००० धरलं जातं.

---

उद्यमबाग_टर्निंग:

खूप उपयोगी. नाकारलेल्या रजेचे अर्ज फाइलमध्ये नाहीत. बहुतेक मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, "साहेब उद्यापासून चार दिवस सुगीला जातो" अशी. हे अर्ज धरायचे का? आणि सुपरवायझरचं काय?

---

लेखनिक_शहापूर:

मेसेज हा लेखीच आहे, धरायचा. तुम्ही "आत्ता नको, ऑर्डर आहे" असं उत्तर दिलं असेल तर ती नाकारलेली रजा झाली, आणि तो मेसेज त्याच्या फोनमध्येही आहे. महिनाअखेरीस असे मेसेज बघून रजिस्टरात तारीख चढवायची सवय लावा.

पुढच्यासाठी एक छापील चिठ्ठी ठेवा: नाव, कधीपासून कधीपर्यंत, मंजूर की नामंजूर, सही. कारखान्यात वार्षिक रजेचा अर्ज १५ दिवस आधी मागायची रीत जुन्या कायद्यापासून आहे, पण आजारपणासाठी हवी असेल तर ती अट लावायची नाही. सुगी आणि गावच्या यात्रा यांच्या तारखा साधारण आधी ठाऊक असतात. डिसेंबरातच गावनिहाय यादी करा. एकाच गावचे पाच जण एकाच मशीन लाइनवर असले तर यात्रेच्या आठवड्यात ती लाइन बंद पडणारच, तेव्हा रजा नाकारून भांडण वाढवण्यापेक्षा पाळ्या आधी फिरवलेल्या बऱ्या.

सुपरवायझर: देखरेखीचं काम आणि १८,००० च्या वर पगार असेल तर तो संहितेच्या "कामगार" व्याख्येत येत नाही. त्याची रजा नेमणूकपत्रातून ठरते, म्हणून पत्रात आकडा लिहा. कारकून मात्र २४,००० घेत असला तरी कामगारच. पदाचं नाव काय दिलंय यापेक्षा काम काय करतो हे बघितलं जातं. हाताखाली कोणी नाही आणि स्वतः लेथवर उभा राहतो त्याला सुपरवायझर म्हणून काही होत नाही.

---

ईएसआय_खिडकी:

दोघींबद्दल लिहितो. इथे चूक झाली तर बाईच्या बाळंतपणाच्या वेळीच तिचे पैसे अडकतात, म्हणून नीट वाचा.

२४,००० वाल्या ताई ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेबाहेर आहेत. त्यांचा लाभ पूर्ण तुम्ही द्यायचा. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं, एवढीच अट. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी. दोन किंवा जास्त हयात मुलं असतील तर १२ आठवडे, त्यातले ६ आधी. रक्कम म्हणजे रजेआधीच्या तीन महिन्यांची रोजची सरासरी, गुणिले दिवस. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. प्रसूतीआधीच्या भागाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, उरलेले बाळ झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. "परत कामावर आली की देऊ" हे चालत नाही. तुमच्याकडून बाळंतपणाआधीची आणि नंतरची मोफत तपासणीची सोय नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. प्रसूतीनंतरचे ६ आठवडे तिला कामावर बोलवायचंच नाही, तिची तयारी असली तरी. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ. गर्भपात झाला तर ६ आठवडे पगारी. या काळात नोकरीवरून काढलं किंवा अटी बदलल्या तर तो आदेश बेकायदेशीर ठरतो.

१७,००० वाल्या ताईंना पैसे ईएसआय देतं, पूर्ण वेतनाच्या दराने, तेवढेच २६ आठवडे. तुम्ही पगार द्यायचा नाही, पण रजा द्यायची आणि नोकरी राखायची. पात्रतेला आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. वर्गणीचे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आता खरी गोम: तुम्ही नोंदणी उशिरा केली असेल किंवा ऑनलाइन पत्रकात तिचे दिवस कमी दाखवले असतील तर ७० भरत नाहीत, दावा फेटाळला जातो, आणि मग ती रक्कम तुमच्याकडे मागितली जाते. म्हणून तिच्या खात्यावरचे दिवस आजच तपासा, सातव्या महिन्यात नको. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का तेही बघा. लग्नाआधीचं नाव एका ठिकाणी आणि नंतरचं दुसऱ्या ठिकाणी असलं की दावा तिथेच थांबतो. सीमाभागात नावं कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरतात, त्यामुळे स्पेलिंगचा हा प्रश्न इथे फार येतो.

पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तर लगेच ईएसआय बंद करायचं नाही. वर्गणीचा काळ संपेपर्यंत कापायचं आणि भरायचं. जुलैत वाढ झाली तर सप्टेंबरअखेरपर्यंत.

आजारपणाचंही सांगतो, कारण वर्कशॉपमध्ये तेच जास्त लागतं. वर्गणी काळात ७८ दिवस भरले असतील तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम ईएसआय देतं. पहिले दोन दिवस मिळत नाहीत, आधीच्या आजारपणाला १५ दिवसांच्या आत लागून आलं असेल तर ते मिळतात. ज्या दिवसांचा दाखला ईएसआयकडे गेला त्या दिवसांची पगारी रजा तुम्ही चढवायची नाही. एकाच दिवसाचे दोन पैसे निघाले की वसुली कामगाराकडून होते. आणि ईएसआयचा आजारपणाचा लाभ चालू असताना माणसाला काढता येत नाही, गैरहजर म्हणून नाव कमी करणं हेही त्यातच आलं. हजेरीपटावर त्या दिवसांना "गैर" न लिहिता "ईएसआय" असंच लिहा.

---

खानापूर_रोड:

सणांच्या सुट्ट्या राहिल्या, त्या मी घेतो.

कर्नाटकात १९६३ चा राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांचा कायदा आहे, तो वर्कशॉप आणि दुकान दोन्हीला लागतो. वर्षाला १० पगारी सुट्ट्या. त्यातल्या पाच ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. उरलेले पाच सण मालक आणि कामगारांच्या विचाराने ठरतात आणि यादी नवं वर्ष लागायच्या आत इन्स्पेक्टरकडे जायला हवी.

१ नोव्हेंबरबद्दल आपल्याकडे भावना तीव्र आहेत, सीमाभागातली मराठी माणसं तो काळा दिन पाळतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण पगाराच्या हिशोबात ती कायद्याने दिलेली भरपगारी सुट्टी आहे, ती प्रत्येक कामगाराला मिळालीच पाहिजे, तो दिवस तो कसा घालवतो हा त्याचा प्रश्न. काम चालू ठेवायचं असेल तर आधी लेखी सूचना द्या, आणि मग दुप्पट वेतन किंवा त्या दिवसाचं वेतन अधिक दुसऱ्या दिवशी पगारी बदली सुट्टी. रोज ७०० असेल तर १,४०० रोख, नाहीतर ७०० आणि एक पगारी दिवस. गडहिंग्लजच्या डेपोला १ नोव्हेंबर लागू नाही. तिकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि चार सण. दोन याद्या दोन ठिकाणी वेगळ्या लावा, एकच छापून दोन्हीकडे चिकटवू नका.

पाच सण निवडताना बेळगावची चाल लक्षात घ्या. गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळीचा पाडवा हे ठरलेलेच. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात, त्यामुळे मराठी-कन्नड दोन्ही कामगारांचं एका सुट्टीत भागतं. पाचवी रमजानची ठेवणारे बरेच आहेत, माणसं बघून ठरवा. शिवजयंती इथे परंपरेने वैशाखात तिथीप्रमाणे होते आणि दुसऱ्या दिवशी बसव जयंती. चित्ररथाच्या मिरवणुकीच्या रात्रीनंतर सकाळची पाळी अर्धी रिकामी राहते. यादीत बसत नसेल तर त्या दिवसाची पाळी दुपारची करा. यादी कामगारांना समजेल अशा भाषेत हवी. कन्नड आणि इंग्रजीच्या शेजारी मराठी प्रत लावा, ती वाचणारे तुमच्याकडे जास्त असतील.

चंदगडच्या कामगारांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी मतदाराला मिळते, कारखाना कुठे आहे यावर ती नाही. २०२४ ची लोकसभा बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडे ७ मे ला होती म्हणून प्रश्न आला नाही. पण महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, तेव्हा बेळगावात रोजचंच काम चालू होतं. अशा दिवशी चंदगडच्या मतदार कामगाराला पगारी सुट्टी द्यायची, त्याची रजा कापायची नाही, रोजंदारीवर असला तरी. हा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, दोन्ही राज्यांना सारखाच.

दुसरं, बायकांसाठी मासिक पाळीची रजा. कर्नाटक सरकारच्या नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने १८ ते ५२ वयाच्या महिलांना महिन्याला एक, वर्षाला १२ पगारी दिवस. कारखाने आणि दुकानं दोन्ही त्यात आहेत. डॉक्टरचा दाखला मागायचा नाही, न घेतलेला दिवस पुढच्या महिन्यात जात नाही. आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण तेवढ्यावर रजा अडवू नका. रजिस्टरात त्याचा वेगळा रकाना ठेवा, आजारी रजेत मिसळू नका. मागायला संकोच वाटतो, म्हणून अर्ज ऑफिसातल्या एखाद्या बाईकडे द्यायची सोय करा.

लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी चालू असताना अंतर्गत समितीच्या शिफारशीने तक्रारदार महिलेला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी लागते, ती बाकी रजेच्या वर. दहा माणसांपासून समिती सक्तीची आहे, वर्कशॉपला ती असायलाच हवी.

---

उद्यमबाग_टर्निंग:

फिटरचे २२ दिवस आणि दुकानाची राहिलेली वार्षिक रजा दोन्ही याच महिन्यात मार्गी लावतो. शेवटचं एक: माणूस नोकरी सोडून गेला तर शिल्लक रजेचं काय? आणि ठेकेदाराकडून घेतलेल्या माणसांचं?

---

हजेरीपट_बेळगाव:

राजीनामा दिला, काढलं किंवा निवृत्त झाला, शिल्लक रजेचे पैसे द्यायचेच, आणि वर्षाचे १८० भरले नसले तरी जेवढे दिवस काम केलं त्याच्या २० ला १ प्रमाणे. मार्चअखेर सोडणाऱ्याचे ७० दिवस झाले असतील तर ३.५, म्हणजे ४ दिवस, अधिक जुनी शिल्लक. मुदत दोन कामाचे दिवस. "पुढच्या पगाराच्या तारखेला या" ही जुनी सवय आता सोडावी लागेल. माणूस वारला तर वारसाला दोन महिन्यांच्या आत. नोटीस न देता गेला म्हणून रजेचे पैसे दाबून ठेवू नका. नोटीस पगाराचा हिशोब वेगळ्या ओळीत दाखवा आणि पावतीवर दोन्ही आकडे येऊ द्या.

ठेकेदाराची माणसं: रजा ठेकेदाराने द्यायची, पण त्याने पैसे बुडवले तर ते मुख्य मालकाकडून वसूल होतात. म्हणून ठेक्याच्या दरात रजेचा भाग वेगळा दाखवून घ्या. २० दिवसांमागे एक, म्हणजे मजुरीच्या ५ टक्के, अधिक १० सुट्ट्या. दर महिन्याच्या बिलासोबत त्याच्या रजा रजिस्टरची प्रत मागा, प्रत नसेल तर तेवढी रक्कम थांबवा. आणि दर सहा महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदलून तीच माणसं तुमच्याच मशीनवर उभी राहत असतील तर त्यांचे दिवस पहिल्या तारखेपासून सलग मोजायला सुरुवात करा.

दुकानाचं रजिस्टर नमुना एफ आणि प्रत्येकाची रजा-पुस्तिका नमुना एच. पुस्तिका कामगाराच्या हातात द्या आणि दर तीन महिन्यांनी त्याची सही घ्या. शिल्लक आकड्यावर त्याची सही असली की तीन वर्षांनी ५२ की ३० असा वाद उभाच राहत नाही.